चिलटाच्या पाठी

खुर्ची एकच निघाली. रेवतीने प्लास्टिकची पिशवी टेबलावर उलटी करून झटकली, आत हात घालून कोपरे चाचपले, मग खाली वाकून वॅक्सच्या हीटरपाशी, टॉवेलांच्या टोपलीत, स्टुलाच्या चाकांना गुंडाळलेल्या केसांत शोधलं. पलीकडे आरशासमोर मृणालिनी मॅडम मुलतानी मातीचा पॅक लावून, डोळ्यांवर काकडी ठेवून पडल्या होत्या. पॅक वाळेपर्यंत बाईला बोलता येत नाही, ही पार्लरच्या धंद्यातली सगळ्यात सुखाची वेळ. ती वेळ रेवती आतल्या फळीवरच्या, स्वतः जोडलेल्या प्लास्टिकच्या विमानांना देत असे. आज फोडलेला खोका खास होता. एकाहत्तरच्या लढाईतलं नॅट, अठ्ठेचाळीस पट लहान केलेलं, तळहातावर मावेल न मावेल एवढं. बाबांचं विमान. बाबा त्याला चिलट म्हणत, कारण नॅटचा अर्थच चिलट, आणि धावपट्टीवर मोठ्या विमानांच्या शेजारी ते दिसायचंही तसंच. तर खुर्ची एकच. कंपनीवाले घाईत एक भाग टाकायला विसरले असतील असं म्हणत तिने धडाचे दोन अर्धे करवंट्या जुळवाव्यात तसे जुळवून धरले. पुढे एका माणसापुरता खळगा होता. त्याच्या पाठी काही नव्हतं. पाठी बंद, गुळगुळीत, राखाडी प्लास्टिक होतं, आणि नेमकी जिथे तिच्या वडिलांची जागा, तिथे तिचा अंगठा टेकलेला होता.

तिने अंगठा उचलला आणि पुन्हा ठेवला. मग तिला फ्रीजचा आवाज ऐकू यायला लागला. फ्रीज रोजच वाजत होता, पण आता तो फक्त तिच्यासाठी वाजत असल्यासारखा वाजला. हाताच्या बोटांतून काहीतरी निघून कोपरापर्यंत गेलं, थंडगार, कलिंगडाच्या फोडीतून हात फिरवल्यासारखं. बाहेर चारकोपची दुपार चालू होती, भंगारवाल्याची हाक, समोरच्या सोसायटीत कुणाचं तरी ड्रिल, सगळं जागच्या जागी. फक्त एक माणूस जागेवर नव्हता. ती धडाचे अर्धे घेऊन उभीच राहिली, आणि किती वेळ गेला ते तिला मृणालिनी मॅडमच्या घशातून आलेल्या चमत्कारिक आवाजाने कळलं. पॅक वाळून कडक झाला होता, कपाळापासून हनुवटीपर्यंत भेगा पडल्या होत्या, आणि मॅडम ओठ न हलवता काहीतरी म्हणत होत्या. रेवतीने ओल्या स्पंजने त्यांचा चेहरा सोडवायला घेतला. काय झालं, विचारलं त्यांनी, बोलता यायला लागल्याबरोबर. काही नाही, एक पार्ट कमी आलाय, असं ती म्हणाली. आणि ते खोटंही नव्हतं.

बाबा लढाऊ विमानात पाठी बसायचे, हे त्यांच्या घरात तांदूळ कुठल्या डब्यात असतात याइतकं पक्कं होतं. चंद्रप्रकाशच्या घरचे तिला बघायला आले तेव्हा पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता आईने हेच वाक्य टाकलं होतं आणि सासऱ्यांनी, जे गिरणीत उभं आयुष्य काढून बाकी कशाने बधत नसत, बशी खाली ठेवून बाबांकडे नव्याने बघितलं होतं. लग्न त्या वाक्याने ठरलं असं कोणी म्हणालं नाही, पण मोडलंही नाही. धाकटा भाऊ निलेश मुलुंडला सोसायटीचा सेक्रेटरी झाला तो दर झेंडावंदनाला हे वाक्य माइकवरून सांगायचा. आणि रेवती? रेवतीकडे तर वाक्य नव्हतंच, अख्खी गोष्ट होती. पुढे साहेब, पाठी बाबा. कमरेला पट्टा. विमान वर चढताना कानात दडे बसतात म्हणून बाबा तोंडात लवंग धरायचे. ढगात शिरलं की काचेवर दहिवर जमायचं आणि बाबा पाठीमागून हात लांब करून फडक्याने ते पुसायचे, म्हणून साहेबाला पुढचं दिसायचं. ही गोष्ट तिने चाळीतल्या मुलींना, शाळेतल्या बाईंना, नंतर स्वतःच्या मुलीला आणि पुढे थ्रेडिंगला बसलेल्या कितीतरी बायकांना सांगितली होती. थ्रेडिंग करताना गोष्ट चालू ठेवली की गिऱ्हाईकाच्या डोळ्यांतून पाणी कमी येतं. आता ते फडकं तिच्या डोळ्यांसमोर बंद प्लास्टिकवर फिरत होतं.

मॉडेल बनवणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप होता. लॉकडाउनमध्ये पार्लर बंद पडून हात शिवशिवायला लागले तेव्हा ती या नादाला लागली होती, व्हिडिओ बघून, चुकत माकत. भुवईचा चिमटा, नखांची कानस, नेलपेंटचा थिनर, सगळं तिच्याकडे होतंच. ग्रुपमध्ये ती एकटी बाई, पण तिच्या रंगकामापुढे भले भले गप्प व्हायचे. तिथे तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. अंबादास नावाचे एक सोलापूरचे गृहस्थ लगेच म्हणाले, आहे ना, दोन सीटचं नॅट होतं. तेवढ्यावर तिने एक अख्खी दुपार काढली, गुणगुणत. संध्याकाळी त्यांचाच पुढचा मेसेज आला की ते विलायतेत, शिकाऊ पोरांसाठी. आपल्याकडे लढाईला होतं ते एकाच माणसाचं, ताई. ताई हा शब्द त्यांनी का लिहिला कोण जाणे. त्यांना काही कळलं असेल असं वाटून तिला फोन पालथा ठेवावासा वाटला.

घरी बाबा जेवत होते. उकड्या तांदळाचा भात, सुकटीचं तिखलं, आणि ताटाबाहेर एक शीत नाही. ती समोर बसून बघत राहिली. एक्याऐंशीचा माणूस, ताठ बसतो, प्रत्येक घासाआधी बोटं जुळवतो. भाजीवाल्याने चुकून जास्त टाकलेल्या मिरच्या खाली जाऊन परत देऊन येतो. हा माणूस खोटं बोलला, एवढं मोठं, एवढी वर्षं, आणि त्याच्या तोंडावर कुठे काही नाही. धक्का बसला की माणूस रडतं वगैरे असं ती समजत होती. तिला मात्र नुसती उचकी लागल्यासारखं होत होतं, मधूनच, बिनआवाजाची. कारण हे खोटं असेल तर मग बाकीचं काय काय? तिच्या बाराव्या वर्षी कावीळ झाली तेव्हा ते चार रात्री जागले म्हणतात, तेही? आईला मी आवडून केली म्हणायचे, तेही? "ताटात काय बघतंस, तुका होया काय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा ती दचकली. चंद्रप्रकाशला तिने सकाळच्या चहाला सांगून टाकलं. त्याने बिस्किट बुडवलं, ते पडायच्या आत उचललं आणि म्हणाला, त्यात काय एवढं, सगळ्यांचे बाप काहीतरी सांगतात. माझे सांगायचे, गिरणीचा भोंगा मला विचारून वाजतो. पण तू त्यांचं ऐकून हसायचास ना, ती म्हणाली. हसायचो, तो म्हणाला. हाच फरक होता. ती कधी हसली नव्हती.

आणि रविवार पुढ्यात होता. बाबांचं सहस्रचंद्रदर्शन. ऐंशी ओलांडली की माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या असं धरून करतात तो समारंभ. निलेशने कांदिवलीला हॉल घेतला होता, मालवणहून धाकूकाका यायचे होते, आणि बॅनर छापून झाला होता. बॅनरचा फोटो निलेशने पाठवला त्यात वर निळं आकाश, आकाशात विमान, विमानाच्या वर बाबांचा चेहरा, पेन्शनच्या कार्डावरचा, आणि खाली मोठ्या अक्षरात 'एकाहत्तरच्या युद्धात शत्रूच्या विमानांशी झुंजलेले'. हॉलच्या मधोमध टेबलावर रेवतीने केलेलं विमान ठेवायचं आणि तिने माइकवर ती गोष्ट सांगायची, असं ठरलं होतं. तीच सांगते चांगली. पाहुण्यांत कोणीतरी एक शहाणा असणारच, फोन काढून बघणारा. तो टेबलाशी वाकेल, एका माणसाचा खळगा बघेल आणि मग मान वळवून, गळ्यात हार घालून बसलेल्या बाबांकडे बघेल. हे बघणं तिला एवढं स्वच्छ दिसत होतं की त्या न आलेल्या पाहुण्याच्या शर्टाचा रंगही तिने ठरवून टाकला होता. बाबांना विचारायचं तर कसं विचारायचं? तुम्ही खोटं बोललात का, असं ज्यांना विचारायचं त्यांच्याकडून आपण बोलायला शिकलो. शेवटी तिला सोपं वाटलं ते तिने केलं. बाबांना खोटं पाडण्यापेक्षा तिने विमानालाच खोटं बोलायला लावलं.

सोपं म्हणजे सोपं नव्हतंच. धडाच्या पाठीवर पेन्सिलने चौकट आखून तिने बारीक करवत चालवली, आणि करवतीचा पहिला भुगा बोटाला लागला तरी हात थांबला नाही. पार्लरच्या जुन्या मेंबरशिप कार्डातून तिने दुसरी खुर्ची कापली. चहाच्या पुड्याच्या चांदीतून पट्टे कातरले, मेणबत्तीवर धरून मऊ केले. आणि माणूस. तो तर खोक्यात एकच होता, वैमानिक. दुसरा तिने नखांच्या अ‍ॅक्रिलिकमधून घडवला, टोचणीने कोरत कोरत, बसलेला, गुडघे दुमडलेले, हात मांडीवर. त्याला तिने बाबांचे कान दिले. बाबांचे कान जरा पुढे आहेत, लोकांना हसू येईल एवढे नाही, आपल्या माणसाला ओळखू येतील एवढे. दुपारच्या दुपार ती त्या माणसावर वाकलेली असायची आणि हात चालू असला की डोकं रिकामं होतं, तशा रिकाम्या डोक्यात तिला एक खोड लागली. बाबांच्या आवाजात ती गोष्ट ऐकायची. ती कान लावायची, आणि आवाज यायचा तो तिचाच. लवंग, तिचा आवाज. दहिवर, तिचा, शाळेतल्या बाकावर उभी राहून, आठ वर्षांची. पट्टा, तिचा. ढग कापसासारखे, हे तर आईचं, आईच्या गाद्या पिंजून घ्यायच्या दिवसांतलं. बाबांचा आवाज शोधत ती मागे मागे जात राहिली, जिना उतरावा तसं, आणि तळाला एकच वाक्य सापडलं. चाळीच्या ओट्यावर कोणीतरी म्हणालं होतं की लढतो तो पायलट, बाकी सगळे मजूर, आणि बाबा, जे कधी वाद घालत नसत, हळू आवाजात म्हणाले होते, "साहेब एकटा नव्हता. मी होतो त्याच्या पाठी."

एवढंच. पुढे काही नाही. आणि त्या वाक्याला चिकटून दुसरं आलं, सायकलचं. बाबा हवाई दल सोडून कारखान्यात लागले तेव्हाची हिरवी सायकल, तिला मागे जाळीची कॅरिअर. रविवारी ते तिला फिरवायला न्यायचे आणि पायडलवर पाय ठेवून म्हणायचे, "पाठी बस. घट्ट धर." त्या वयात पाठी या शब्दाचा तेवढा एकच अर्थ होता: बाबांच्या शर्टाला धरून बसायची, वारा लागत नाही अशी जागा. शाळेत पंधरा ऑगस्टला बाईंनी बाबांना बोलावलं होतं, तेही आलं. बाबा इस्त्रीच्या शर्टात उभे राहिले, सगळी शाळा बसलेली, आणि ते म्हणाले, मी काही केलं नाही, मी पाठी होतो. मग खाली बसले. टाळ्या वाजल्या, बाईंनी डोळे पुसले, केवढा विनय म्हणाल्या. रेवतीने करवतीचा भुगा फुंकरीने उडवला आणि तिला वाटलं, छे. उगाच आपण आता त्यांच्या बाजूने कारणं शोधतोय. खुर्ची तर कापून झाली होती, माणूस चिकटवून झाला होता, पट्टाही बांधला होता.

शनिवारी दुपारी बाबा केस कापायला पार्लरमध्ये आले. आई गेल्यापासून त्यांचे केस तीच कापायची. सलूनवाला मशीन फिरवतो आणि मानेवर गार लागतं, अशी त्यांची तक्रार. पाटीवर फक्त स्त्रियांसाठी लिहिलेलं, म्हणून ती शटर अर्धं ओढायची आणि ते चोरासारखे वाकून आत यायचे, येताना इकडे तिकडे बघायचे. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, पाणी मारलं. डाव्या बाजूचे केस झाले, आणि ती कंगवा घ्यायला फळीकडे वळली तर त्यांनी आरशात बघत विचारलं की त्या टोपीखाली काय आहे. विमानावर धूळ बसू नये म्हणून तिने त्याला आंघोळीची प्लास्टिकची टोपी घातली होती. उद्या दाखवायचं होतं, ती म्हणाली. मग आजच दाखव, ते म्हणाले, उद्या चष्मा हारात अडकेल. तिने टोपी काढून विमान त्यांच्या समोर कापडावर ठेवलं आणि भुवयांचं बारीक काम करायचं भिंग हातात दिलं. स्वतः त्यांच्या पाठीमागेच उभी राहिली. आरशातून बघायला सोपं जातं.

त्यांनी आधी शेपूट बघितलं, मग चाकं, मग पंखांखालच्या टाक्या, आणि त्यांचा चेहरा, आरशातला, हळूहळू सैल होत गेला, जुनं गाव लागावं तसा. तिने रंगवलेला तेलाचा ओघळ त्यांनी बोट न लावता बोटाने दाखवला आणि मान हलवली. मग भिंग पुढे सरकलं आणि थांबलं.

"ही दुसरी खुर्ची कोणाची गो?"

"तुमची."

"माझी?" ते हसले. थट्टा आहे असं समजून हसले, आणि तिचाही चेहरा हसरा असेल म्हणून आरशात वर बघितलं. तो नव्हता. कात्री तिच्या हातात उघडीच राहिली होती. "तुम्ही पाठी बसायचात ना, बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आठ वर्षांच्या मुलीचा आला.

खुर्चीतला माणूस बाबांनी भिंगातून पुन्हा बघितला, कान बघितले, आणि तो कोण हे त्यांना कळलं तसा त्यांचा हात कापडाखालून निघून स्वतःच्या कानाकडे गेला. "विमानात मी अजून बसलो नाय गो," ते म्हणाले. "कधीच नाय. कलकत्त्याला गेलो तो गाडीनं. आलो तोही गाडीनंच." पंधरा वर्षं हवाई दलात काढून पाय जमिनीवरून सुटला नव्हता, आणि हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की आपण कधी विचारलं नाही यावर तिचाच विश्वास बसेना. मग शाळेत, ती म्हणाली, चाळीत, माझ्या लग्नात, निलेशच्या माइकवर? ते संकोचले. त्यांना वाटायचं पोर गोष्ट सांगतंय. लवंग, फडकं, एवढं छान जुळवून सांगतंय, मध्ये कशाला बोलायचं. मोठी झाली की आपोआप सोडेल. मोठी झाली तेव्हा तिच्या आईलाही ती खरी वाटायला लागली होती, आणि मग चार माणसांत बायकोला आणि लेकीला खोटं पाडायचं म्हणजे. "आणि मी तर खोटं बोललो नव्हतो," ते म्हणाले. "पाठी होतो म्हटलं. बसलो म्हटलं नाय. उभा होतो मी."

मग त्यांनी सांगितलं, अर्धवट कापलेल्या केसांनी, आरशाकडे न बघता, मांडीवरच्या विमानाकडे बघत. त्यांचं काम साहेबाला बांधायचं आणि सोडायचं. विमान एवढं बुटकं की लहानशी शिडी कडेला अडकवली की झालं. साहेब आत बसला की त्याच्या खांद्यांवरून यायचे पट्टे त्याचे त्याला सापडत नाहीत. ते पाठीमागून, डाव्या खांद्याकडून, शिडीवर उभं राहून द्यावे लागतात. परत आला की काच उघडायची, सगळ्यात आधी खुर्चीला पिन घालायची, नाहीतर ती, संकटात माणसाला बाहेर फेकणारी, तिथल्या तिथेच त्याला घेऊन उडते, मग पट्टे सोडायचे. त्यामुळे साहेबाचा चेहरा त्यांना नीट आठवतच नाही. मान आठवते. एक दिवस साहेब एक विमान पाडून आला. तळावर आधीच कळलं होतं, पोरं नाचत धावत आली होती, कोणीतरी झेंडूची माळ पैदा केली होती. बाबा शिडी चढले, पिन घातली, पट्ट्याला हात घातला, आणि त्यांना दिसलं की हेल्मेटखालची मान हलतेय. बारीक, न थांबता, मासा गळाला लागल्यावर दोरी हलते तशी. घामाने निथळत होती, आणि थंडीचे दिवस. साहेबाने वळून बघितलं नाही. नुसतं म्हणाला, जाना मत, पीछे रहो.

"मग?"

"मग राहिलो."

ते शिडीवर आडवे उभे राहिले, अंगाने खाली जमलेल्या पोरांना साहेब दिसू नये असे, आणि दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवून उभे राहिले. पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा असेल, त्यांच्याहूनही लहान. त्याने पाडलेल्या विमानातला माणूस त्याला अगदी जवळून दिसला होता, असं नंतर कोणीतरी म्हणालं. बाबांनी विचारलं नाही. खालून पोरं ओरडत होती, साहेबांना उतरवा, खांद्यावर घेतो. बाबांनी खाली सांगितलं की बकल अडकलंय. बराच वेळ अडकलेलंच ठेवलं. मान शांत झाली तेव्हा सोडलं. साहेब उतरला, माळ घालून घेतली, हसला, हात उंचावला. पुढे त्याची बदली झाली. दोघांत त्यावर एक शब्द कधी झाला नाही.

रेवतीला वाटलं होतं की धक्का एकदाच बसतो आणि मग माणूस त्याच्याभोवती राहायला शिकतं. पण हा दुसरा पहिल्याच्या आतून आला होता. बाबा खोटं बोलले नव्हते, यावर आनंद व्हायला हवा होता. तो कुठेतरी असेलही. तिला दिसत होती ती ती स्वतः, बाकावर उभी, वेणी घातलेली, त्या थरथरणाऱ्या मानेवर लवंगा आणि ढग आणि फडकं रचत असलेली, टाळ्या घेत असलेली. त्या एका उभं राहण्यावर तिने पन्नास वर्षं त्यांना बसवून ठेवलं होतं, पट्टा बांधून. फोन वाजला. निलेश. माइकवर तू आधी की धाकूकाका आधी, एवढंच विचारायचं होतं त्याला. तिने त्याला बॅनरवरची 'झुंजलेले' ही ओळ झाकायला सांगितली. झाकू कशी, तो म्हणाला, फ्लेक्स आहे गं तो, प्रिंट झालाय, बाबांनी काही म्हटलं का? मोठा हार लाव त्यावर, ती म्हणाली, आणि मी काही बोलणार नाही उद्या. तो 'वाट लागली, प्रोग्रॅमची वाट लागली' असं म्हणत असताना तिने फोन ठेवला.

"साहेबाचं कोणाक सांगू नको," बाबा म्हणाले. "ते त्याचं आहे."

"मग विचारलं लोकांनी, तुम्ही काय करायचात तर?"

त्यांनी विचार केला. "सांग, बकल अडकलं होतं."

तिने फळीवरून पातं आणि चिमटा घेतला आणि स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली. चहाच्या चांदीचा पट्टा कापून तिने त्यांना खुर्चीतून सोडवलं. खुर्ची उपटली तेव्हा कडकन आवाज झाला आणि धडाला एक ओबडधोबड भोक राहिलं; ते अ‍ॅक्रिलिकने भरता आलं असतं, रंगही लावता आला असता, सांधा मात्र दिसणार होता. दिसू दे, असं तिला वाटलं. बसलेल्या माणसाला उभं करायचं तर गुडघे कापावे लागतात. तिने ते कापले, बाबांच्या डोळ्यांदेखत, आणि पाय सरळ करून जोडले. खराट्याचे दोन हीर मोडून शिडी केली. हात मांडीवरून उचलून वैमानिकाच्या खांद्यांवर आणले. पट्ट्यावर नाही, बाबा म्हणाले, खांद्यावर, बोटं पसरून. तिने बोटं पसरली, टोचणीच्या अणीने, श्वास धरून. डिंक धरला. आता तो उभा होता, शिडीवर, थोडा वाकलेला, खालच्या जगाकडे पाठ करून.

"मान अशी नव्हती," बाबा म्हणाले.

वैमानिकाचा चेहरा हे या विमानावरचं तिचं सगळ्यात चांगलं काम होतं. एका केसाच्या ब्रशने डोळे, डोळ्यांत पांढरा ठिपका, मिशी, आणि सवयीने भुवयाही नीट कोरलेल्या. डोकं ताठ होतं, खोक्यावरच्या चित्रातल्यासारखं, समोर आकाशाकडे बघणारं. खाली होती, बाबा म्हणाले, गुडघ्याकडे. तिने पातं मानेवर ठेवलं आणि दाबलं. टक्. हेल्मेटसकट डोकं चिमट्यात आलं, केवढंसं, आणि ते धरून हनुवटीखाली कानस फिरवताना तिला दिसत होतं की ते डोळे तिच्याकडेच बघतायत. तिने थेंबभर डिंक लावला आणि ते खाली वाकवून टेकवलं, आणि सुकेपर्यंत बोटाने धरून ठेवलं. बोट काढल्यावर विमान फिरवून बघितलं. पुढून बघितलं, कडेने बघितलं, टेबलाच्या पातळीवर डोळे आणून बघितलं. हेल्मेटचा पांढरा घुमट तेवढा दिसत होता. डोळे, मिशी, भुवया सगळं खाली वळलेलं, स्वतःच्या मांडीत, यापुढे कोणालाच न दिसणारं.

बाबांनी भिंग लावून सावकाश बघितलं. "हां," ते म्हणाले. "आता त्याला कोणी बघत नाय."

मग त्यांनी भिंग खाली ठेवलं, राहिलेले केस कापायला म्हणून हनुवटी छातीला टेकवली, आणि तसेच बसून राहिले. रेवती उठून त्यांच्या पाठी गेली. कात्री हातात घेतली. मान सुरकुतलेली होती, उन्हातली, तिच्या माहितीची, आणि तिच्यावरचे पांढरे केस बारीक हलत होते. पंखा बंद होता. तिने कात्री कापडावर ठेवून दिली, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले, आणि आरशात बघितलं नाही.